उत्तरेकडची अंजनी

तळमजल्यावरचा फ्लॅट घेताना आमचा हिशेब साधा होता. डास, पाली, वरून पडणारे कपड्यांचे चिमटे हे सगळं सोसायचं आणि त्या बदल्यात बाग मिळवायची. बाग म्हणजे काय, तर इमारतीची उत्तरेकडची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली सहा फूट रुंद, तीस फूट लांब पट्टी. कोथरूडात दाराशी एवढी माती असणं ही 1996 साली चैन नव्हती, आज आहे.

उत्तरेची बाजू म्हणजे हिवाळाभर ऊन नाहीच. पण पूर्वेकडून सकाळचं कोवळं ऊन दोन तास यायचं. तेवढ्यावर मोगरा, तगर आणि एक गुलाबी जास्वंद असा आमचा संसार चालायचा. सासूबाईंची परडी भरायची. मग 2012 मध्ये शेजारचा बंगला पाडला आणि दीड-दोन वर्षांत तिथे अकरा मजले उभे राहिले, नेमके आमच्या पूर्वेला. जास्वंदीचे दांडे उजेडाच्या शोधात काठीसारखे लांबले आणि तिला मावा लागला. तगर तगली, पण कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. मोगरा मेला नाही, नुसता फुलायचा थांबला. पाणी घाला, खत घाला, छाटा, तो आपला हिरवागार आणि मख्ख.

“देवाला विकतची फुलं आणायची वेळ आली,” असं आई रोज सकाळी म्हणायच्या. माझ्याकडे बघून नव्हे, त्या अकरा मजल्यांकडे बघून. पण ऐकायला मीच असायचे.

सावलीसाठी काय लावावं, हे ज्याला विचारावं तो मनीप्लांट, सिंगोनियम नाहीतर स्नेक प्लांट सांगायचा. ही झाडं वाईट नाहीत, पण ती लावली की आपल्या दारात एखाद्या बँकेचा स्वागतकक्ष उभा राहतो, असं मला उगाचच वाटतं. कामिनी लावून बघितली. ती जगली, अजूनही आहे, पण एवढ्या गडद सावलीत वर्षाला एखाददुसरा गुच्छ देते. मला सदाहरित हवं होतं, फुलणारं हवं होतं आणि जमलं तर इकडचंच हवं होतं. या तिन्ही अटी एकदम घातल्या की नर्सरीवाले आपल्याशी फार प्रेमाने बोलायला लागतात आणि मग काहीतरी तिसरंच विकतात.

मार्च 2014 मध्ये आम्ही माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली आणि चालत निघालो. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना दाट झाडी, भर दुपारी आत शिरल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागावा इतका अंधार. शार्लोट तलावाच्या वाटेवर मला जमिनीवर निळं काहीतरी सांडलेलं दिसलं. आधी वाटलं, कुणाची रांगोळीची पुडी फुटली असेल. वाकून बघितलं तर फुलं होती. मोहरीपेक्षा मोठी, तुरीच्या दाण्याएवढी. मान वर केली आणि थबकलेच. पानांमध्ये नव्हे, तर जुन्या, उघड्या, करड्या फांद्यांच्या पेरापेरांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गोंडे चिकटले होते, कुणी डिंक लावून बसवावेत तसे. फांदीला तिथे पानही नव्हतं. वर गर्द हिरव्या, चामड्यासारख्या पानांचं छत आणि खाली त्या सावलीतच हा सगळा निळा कारभार.

मागून येणाऱ्या घोडेवाल्याला विचारलं. “अंजन,” तो म्हणाला आणि घोडा पुढे काढला.

तिथल्या वाटेच्या कडेला त्याची बोटभर रोपं कितीतरी उगवली होती. एक उपटून पिशवीत टाकायचा मोह मला झाला, हे कबूल करते. यांनी नुसतं बघितलं. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण जंगलातलं रोप उपटून आणू नये एवढं कळायला अधिसूचना कशाला लागते? हात मागे घेतला आणि नाव तेवढं बरोबर घेऊन आले.

त्या नावानेच घात केला.

पुण्यात परत आल्यावर चार नर्सऱ्या पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी “अंजीर का?” असं विचारलं. दुसऱ्या ठिकाणी अर्जुनाचं रोप माझ्या हातात ठेवून “हेच ते, लोक चुकून अंजन म्हणतात,” असं छातीठोकपणे सांगितलं. तिसऱ्याने हात वर केले. चौथ्याकडे मात्र चक्क पिशवीवर पाटी होती, अंजन. दीडशे रुपयांना एक अशी दोन घेतली. पानं माथेरानला पाहिलेल्या पानांसारखी वाटेनात, पण रोपं लहान असताना पानं वेगळी असतात असं नर्सरीवाला म्हणाला आणि मला ते पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं.

जूनमध्ये लावली. दिवाळीपर्यंत ती अडीच फूट उंच, काटकुळी आणि वाकडी झाली. डिसेंबरात पानं झडायला लागली. सदाहरित झाडाची पानं डिसेंबरात झडतात म्हणजे ते नक्की आजारी असणार, म्हणून मी निंबोळी पेंड घातली, जिवामृत घातलं, ताक सुद्धा घातलं.

आमच्या बी विंगमध्ये एक निवृत्त प्राध्यापिका राहतात, वनस्पतिशास्त्राच्या. सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणते. एकदा त्या मांजर शोधत आमच्या मागच्या पट्टीत आल्या आणि रोपापाशी उभ्या राहिल्या.

“खानदेशातलं झाड इथे कोंडून का ठेवलंयस?”

मी म्हटलं, “बाई, हे अंजन आहे. माथेरानला असतं ते.”

त्यांनी एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आपट्याच्या पानासारखं दोन दलांचं, पण बारीक. “हेही अंजनच. हार्डविकिया बायनाटा. बायनाटा म्हणजे जोडीची पानं. धुळे-जळगावकडच्या कोरड्या डोंगरांवरचा मोठा वृक्ष आहे हा, याला भगभगीत ऊन लागतं. तू बघितलंस ते अंजन वेगळं. मेमेसायलॉन अंबेलाटम. अंजनी म्हण त्याला, म्हणजे घोळ कमी होईल.”

म्हणजे माझं झाड आजारी नव्हतंच. ते बिचारं हिवाळ्यात पानं गाळायची आपली रीत पाळत होतं आणि उन्हाला तरसत होतं, आणि मी त्याला ताक पाजत होते. दोन्ही रोपं बाईंनी ओळखीच्या कुणाच्या तरी शेतावर पाठवून दिली. तिथे ती आता घराच्या वर गेली आहेत असं ऐकते.

त्या दिवशी बाईंच्या घरी चहा घेताना मला अंजनीबद्दल जे कळलं ते माझ्या पुढच्या दहा वर्षांना पुरलं. महाबळेश्वरच्या पठारावरचं जंगल ज्या तीन झाडांच्या नावाने ओळखलं जातं, अंजनी, जांभूळ आणि पिसा, त्यांतली ही एक. घाटमाथ्यावर वाऱ्यामुळे बुटकी राहते, कोकणात आणि देवरायांमध्ये बऱ्यापैकी वाढते, पण मोठ्या झाडांच्या छायेखाली झुडूप होऊन राहायची तिला पिढ्यान्पिढ्यांची सवय. म्हणजे जी सावली माझ्या मोगऱ्याला शिक्षा होती, ते हिचं माहेरच. लाकूड टणक. पानांपासून पिवळा रंग निघतो. ओळखायची खूण अशी की पानं समोरासमोर, जाड, आणि मधली शीर सोडली तर बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. “आणि सावकाश वाढते,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. मी तीनदा मान डोलावली. सावकाश म्हणजे किती, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

रोप कुठेच मिळेना, तेव्हा बी शोधायचं ठरलं. माझी आतेबहीण देवरुखजवळ राहते. तिला फोनवर अर्धा तास वर्णन करून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “अगो, अंजन ना? आमच्या गडग्याला आहे की. खुंटाला बरी म्हणून ठेवलीय.”

जून 2015 च्या शेवटच्या आठवड्यात गेले. पाऊस धो धो. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून तीन अंजनी होत्या, पंधरा-वीस फुटांच्या, आणि खाली चिखलात फळं पडलेली. वाटाण्याएवढी, पिकून काळी-जांभळी, प्रत्येकीच्या डोक्यावर चिमुकला मुकुट. तोंडात टाकून बघितलं. गोडसर तुरट, आत एकच बी, आणि त्या बीभोवती गर असून नसल्यासारखा. बुलबुलांना मात्र ती बर्फीच वाटत असावी. आमच्या डोक्यावर त्यांची सारखी ये-जा सुरू होती. ताई आणि मी छत्र्या सांभाळत चाळीसेक फळं वेचली. शिवाय हट्टाने दहा काड्याही कापून आणल्या, फांदीपासून रोप होतं का ते बघायला. काड्यांचं एका वाक्यात सांगते: दहाच्या दहा वाळल्या.

बी सुकवून डब्यात ठेवायची नाही, ही बाईंची सक्त ताकीद. घरी आल्याबरोबर गर चोळून धुतला आणि तिसऱ्या दिवशी पिशव्यांत पेरलं. निम्मी लाल माती, बाकी पालापाचोळ्याचं खत आणि जाड रेती. बी जेमतेम बोटाच्या पेराएवढं खोल. एकतीस पिशव्या झाल्या. त्या मागच्या पट्टीत भिंतीला लावून ठेवल्या आणि रोज सकाळी बघायला लागले. जुलै गेला. गणपती बसायच्या सुमारास पहिला कोंब दिसला आणि महिनाभरात एकोणीस झाले. मी सासूबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा सावरून बघितलं. “याला फुलं कधी?”

“येतील, आई.”

“मी असताना?”

त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. मी हसून वेळ मारून नेली.

एकोणिसाची सात झाली ती गोगलगायींमुळे. पुण्यात पावसाळ्यात रात्री कंपाउंडवर चढणाऱ्या त्या मोठ्या, मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको. एका रात्रीत चार रोपांचे नुसते देठ उरले. मग मी रात्री दहाला टॉर्च आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन फिरायला लागले. राखेचं कडं करून बघितलं, पण पावसाची एक सर आली की राख वाहून जाते. शेवटी पिशव्या उचलून जुन्या लोखंडी टेबलावर ठेवल्या आणि टेबलाचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत उभे केले, पूर्वी साखरेच्या डब्यासाठी करायचे तसं. मग थांबलं. गोगलगाय पाण्याला भिते की माझ्या संतापाला, देव जाणे.

आता सावकाश म्हणजे किती ते सांगते. एक वर्षाने, म्हणजे 2016 च्या पावसाळ्यात, सर्वांत जोमदार रोप माझ्या करंगळीएवढं उंच होतं. दोन वर्षांनी वीतभर. त्याच काळात शेजारच्या अकरा मजल्यांत लोक राहायला येऊन, भांडून, दोन कुटुंबं सोडूनही गेली होती.

माझी दशा बघून बाईंनी 2016 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गच्चीवरची एक अंजनी मला दिली. दोन फुटांची, कुंडीत सहा वर्षं अडकून पडलेली. “गच्चीवर उन्हात तिला आवडत नाही आणि मला जिना चढवत नाही,” त्या म्हणाल्या. ती मी पट्टीच्या मधोमध, मोगऱ्याची जागा मोकळी करून लावली. मोगरा उकरताना वाईट वाटलं. तो कुंडीत घालून पुढच्या बाजूला दिला. तिथे त्याला ऊन मिळतं आणि तो लाज वाटण्याइतका फुलतो.

2017 मध्ये बाईंच्या अंजनीची नवी पानं पिवळी पडायला लागली. शिरेलगत हिरवी, बाकी पिवळी. मी पुन्हा ताकाकडे वळणार, तेवढ्यात बाईंनी खणायला लावलं. दीड फुटाखाली काय नव्हतं? विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुन्याचे ढेपळे, एक कोयता आणि चहाच्या तीन बशा. इमारत बांधताना राहिलेला राडारोडा वर काळी माती पसरून झाकलेला. आणि मी पाणी घालत होते ते बागेच्या नळाचं, म्हणजे बोअरचं, ज्याने बादलीला पांढरं पुट चढतं.

अंजनी ही जांभ्याच्या, आंबट मातीची. कोकणात आणि घाटमाथ्यावर एवढा पाऊस पडतो की मातीतला चुना धुऊन जातो आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे उरतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास. इथली चुनखडीची माती, त्यात सिमेंट, त्यात बोअरचं पाणी, म्हणजे लोह मातीत असूनही तिला घेता येत नव्हतं. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. बहुतेक झाडं ॲल्युमिनियमला दूर ठेवतात, अंजनी मात्र ते पानांत साठवते. म्हणून तिची पानं कापड रंगवताना रंग पक्का करायला वापरत, आपण तुरटी वापरतो तशी. तुरटी म्हणजे तरी दुसरं काय, ॲल्युमिनियमचाच क्षार. म्हणजे माझ्या भिंतीशी एक तुरटीचं झाड उभं होतं आणि मी त्याला चुना चारत होते.

मग दोन दिवस गडी लावून आठ फुटांचा पट्टा दोन फूट खोल उकरला. राडारोडा पोत्यांत भरून बाहेर काढला. ताईच्या नव्या विहिरीतून निघालेली जांभ्याची माती दोन पोती एसटीने आली. सोसायटीत झाडून जाळला जाणारा पाचोळा मी अडवायला सुरुवात केली. सेक्रेटरींना पटायला एक मीटिंग गेली, पण तो आता माझ्या कोपऱ्यात कुजतो. जमिनीपासून फूटभर उंच वाफा केला, म्हणजे खालचा चुना लगेच मुळाशी पोचणार नाही आणि पावसाचं पाणी साचणारही नाही. बोअरचं पाणी बंद. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप, एरवी घरातल्या नळाची एक बादली, चार दिवसांनी एकदा. जुनी पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत, पण पुढची पालवी चांगली आली. 2018 च्या जुलैत त्याच वाफ्यात माझी बियांपासूनची चार रोपं तीन-तीन फुटांवर लावली. उरलेली तीन बाईंच्या सल्ल्याने वाटली. चारात निदान एक तरी फुलेल, असा माझा हिशेब.

सावलीच्या बागेबद्दल एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, ती 2019 च्या मेमध्ये कळली. वर्षभर ऊन न पाहिलेल्या अंजनीची वरची पानं आठवड्यात तपकिरी, करपल्यासारखी झाली. कीड नाही, बुरशी नाही. नातवाच्या शाळेने त्याच आठवड्यात शून्य सावलीचा प्रयोग करायला सांगितला होता, अंगणात उभी बाटली ठेवून. पुण्यात साधारण 13 मेला भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. बाटलीची सावली नाहीशी झाली आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. दहा महिने इमारतीच्या पाठीशी लपलेली पट्टी नेमकी मे महिन्याच्या आगीत उघडी पडत होती. दुपारी डोक्यावरून, नंतर वायव्येकडून तिरपं. पुढे ढग आले की प्रश्न मिटतो, पण ते तीन-चार आठवडे जीवघेणे. तेव्हापासून दर वर्षी 10 मेला खिडकीच्या गजापासून कंपाउंडपर्यंत सासूबाईंचं एक जुनं सुती नऊवारी बांधते आणि पहिला मोठा पाऊस झाला की काढते. हिरवी जाळीही बाजारात मिळते. पण लुगडं घरात होतं, आणि खाली उभं राहिलं की त्यातून उजेड सुरेख दिसतो.

2020 सालचं सांगण्यासारखं फारसं नाही. सगळं जग थांबलं होतं आणि अंजनी आधीपासूनच त्या वेगाने चालली होती. तेवढंच बरं वाटायचं.

डिसेंबर 2020 मध्ये बाईंच्या अंजनीच्या जुन्या फांद्यांवर, पानं गळून गेलेल्या पेरांपाशी, खरखरीत गाठी दिसायला लागल्या. जानेवारीत त्या गाठींवर खसखशीएवढे गुलाबी ठिपके आले. मी बाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, “कळ्या. हात लावू नकोस.” मी हात लावला नाही. माळीमामांना सांगायचं तेवढं राहिलं.

आमचे माळीमामा दहा सोसायट्या सांभाळतात. महिन्यातून दोनदा येतात आणि त्यांच्या हातात कात्री असली की डोळ्यांना फक्त चौकोन दिसतात. त्या दिवशी मी बँकेत गेले होते. परत आले तर अंजनीचा सुबक, सपाट डोक्याचा, चारी बाजूंनी तासलेला ठोकळा झाला होता. खालच्या उघड्या, “वाळक्या” फांद्या मुळापासून साफ. “ताई, कसलं छान कुंपण होईल बघा याचं,” मामा म्हणाले. मी पोत्यातून कापलेल्या फांद्या काढल्या. प्रत्येक पेरावर कळ्या होत्या. रडू आलं ते मामा गेल्यावर. त्यांची चूक काय म्हणायची? जिथे पान नाही तिथे फूल येतं, हे मलाही माथेरानला मान वर करेपर्यंत कुठे माहीत होतं? अंजनी जुन्या लाकडावर फुलते. मेंदीसारखी कातरत राहिलं तर ती दाट होईल, हिरवी राहील आणि फुलं दाखवणार नाही. कात्री लावायचीच तर फुलं-फळं आटोपल्यावर, पावसाच्या तोंडावर, तीही वाळकी किंवा आडवी घुसणारी फांदी तेवढी. मी एक पत्रा कापून त्यावर “कात्री बंद” असं रंगवून फांदीला टांगलं. मामा अजूनही त्याकडे बघून हसतात.

एक वर्ष फुकट गेलं. 2022 च्या मार्चमध्ये, होळीच्या आधी दोन दिवस, सकाळी चहा घेऊन मागच्या दाराशी आले आणि वाफ्यावर निळं सांडलेलं दिसलं. मामांच्या हातून सुटलेल्या एकाच वाकड्या फांदीवर, भिंतीच्या बाजूला, सहा गोंडे. जवळून बघितलं तर प्रत्येक फूल म्हणजे गुलाबी वाटी, तीत चार निळ्या पाकळ्या आणि मधून बाहेर झेपावणारे निळे पुंकेसर. अंजन म्हणजे काजळ. नाव या रंगावरूनच पडलं असावं, असं मला वाटतं. वास जवळपास नाहीच. पण नऊ वाजता एक काळा भुंगा आला. तो फुलाला बिलगला की त्याचा नेहमीचा आवाज बदलून एकदम बारीक, जोरकस घुंई व्हायचा, कुणी शिलाई मशिनीचा पायटा दाबावा तसा. दहा-बारा दिवसांत सगळं संपलं.

सासूबाईंना खुर्ची टाकून दिली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईने बराच वेळ बघितलं.

“हार व्हायचा नाही याचा,” त्या म्हणाल्या.

“नाही व्हायचा, आई.”

“वासही नाही.”

“नाही.”

मग त्यांनी चहाची गाळणी मागितली. खाली पडलेली फुलं माझ्याकडून गाळणीत गोळा करून, माती झटकून घेतली आणि बाळकृष्णाच्या पाटाभोवती त्यांची निळी रेघ ओढली. पुढचे दहा दिवस विकतची फुलं आणली नाहीत. त्यानंतर त्यांना अजून दोनदा ती रेघ ओढता आली.

बियांपासूनची चार रोपं आता कमरेएवढी आहेत. त्यांतलं एक, भिंतीकडून दुसरं, 2025 च्या मार्चमध्ये पहिल्यांदा फुललं. तीन गोंडे. बी पेरल्यापासून दहाव्या वर्षी. बाकीची तीन अजून विचार करतायत. मिलीबग मात्र सगळ्यांवर न चुकता येतो, हिवाळ्यात. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश यापलीकडे मी काही करत नाही.

बाईंच्या झाडाला आता फळंही धरतात. गेल्या जूनमध्ये बुलबुलांच्या आधी मी बारा मिळवली. पिशव्या टेबलावर, टेबलाचे पाय डब्यांत. माळीमामा वाफ्यातलं गवत काढत होते. ते उठून पिशव्यांपाशी आले.

“ताई, एरंडवण्याच्या एका सोसायटीत पाठीमागं अजिबात ऊन नाही. तिथं लावावं म्हणतो एक. फुलायला किती दिवस घेतं?”

“दहा वर्षं, मामा.”

त्यांनी पिशव्यांकडे बघितलं, मग टांगलेल्या पत्र्याकडे.

“मग दोन द्या,” ते म्हणाले.